भुरीच्या नावाची वाटी

चावायला तिला अख्ख्या भंडाऱ्यात दुसरी पोटरी सापडली नाही. गावात पोटऱ्या काय कमी होत्या? बसस्टँडवर उभं राहिलं तर तासाला दोनशे उतरत. पण भुरी कुत्रीनं धरली ती इश्वरभाऊची, म्हणजे तांदळाच्या तीन गोदामांच्या मालकाची, शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षाची, दर गुरुवारी तेल लावून चोळून घेतलेली, गोरीपान. दोन दात. धोतरावर रक्ताचे दोन ठिपके, घनश्यामनं आपल्या पितळेच्या दुकानात छिन्नीनं भांड्यावर नाव टाकायला सुरुवात करावी तसे, एकाशेजारी एक. आणि तेवढ्या गोंधळातही घनश्यामच्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता पुढचं अक्षर कोणतं? हसू त्यानं गिळलं. कारण इश्वरभाऊ खाली बसून 'माय वो! मेलो वो!' करत होते, पलीकडं त्याची स्वतःची पोट्टी तुळसा, वय वर्षं पंधरा, दोन्ही हात डोक्यावर गच्च धरून त्यांच्याहून मोठ्यानं किंचाळत होती, आणि जिच्यापायी हे सगळं ती भुरी तुळसाच्या मांडीला अंग लावून बसली होती, पोटरीचं आणि तिचं जसं काही घेणंदेणंच नाही.

आता चूक कोणाची म्हणाल तर हाताची. इश्वरभाऊ त्या दिवशी नागपूरचे दोन पाहुणे घेऊन शाळा दाखवायला आले होते. शाळा म्हणजे त्यांच्याच एका जुन्या गोदामाच्या मागच्या दोन खोल्या. दोन वर्षांमागं, अपंग वर्षाच्या साली, भाऊंनी त्या दिल्या, वर पाटी लावली, पाटीवर स्वतःचं नाव शाळेच्या नावाहून दोन बोटं मोठं घातलं, आणि आत सात पोरं बसवली. बारापासून अठरापर्यंतची. कोणाला बोलता येत नाही, कोणाला हात वळवता येत नाही, आणि सगळ्यांचं अंग पुढं निघून गेलेलं, डोकं मागं कुठल्यातरी स्टेशनावर उतरलेलं. आपल्या भंडाऱ्याच्या रेल्वेसारखं, घनश्याम म्हणे: तिकिटावर भंडारा, उतरायचं वरठीला, आणि मग गाव शोधत बसायचं. तर भाऊ पाहुण्यांना म्हणाले, 'अन् ही आमची तुळसा,' आणि मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तुळसाच्या डोक्याला हात लावायचा नसतो हे सातही पोरांना ठाऊक होतं. भुरीला तर होतंच होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या अध्यक्षांना.

भुरीला काही कोणी शाळेत आणलं नव्हतं. खिचडीच्या वासानं आली. सुलोचनाबाईनं, म्हणजे नागपूरला सहा महिन्यांचं ट्रेनिंग करून आलेल्या शाळेच्या एकुलत्या एका बाईनं, तिला तीन दिवस पट्टीनं हाकललं. चौथ्या दिवशी पट्टी हातातच राहिली, कारण गोमाजी पानवाल्याचा पोरगा, ज्याची उजवी मूठ जन्मापासून कोणी उघडी पाहिली नव्हती, तो भुरीला घास द्यायला एकेक बोट सोडवत होता. 'भाऊ, मी सहा महिने त्या मुठीत लाकडाचे मणी कोंबून राहिली होती,' बाई घनश्यामला सांगत होती, हसावं की रडावं न कळून, 'अन् या बयेनं चार दिवसांत उघडली.' तेव्हापासून पट्टी कपाटात गेली आणि भुरी सतरंजीवर आली. बाईनं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, तिचं तीच शिकत गेली. ज्याचा हात थरथरे त्याला भुरीच्या कानातले गोचीड काढायला बसवायची. हात थरथरला तर गोचीड निघत नाही आणि भुरी उठून जाते, म्हणून पोरगं श्वास धरून बोटं आवळायचं. ज्याला गाठ येत नसे त्यानं भुरीची दोरी बांधायची. जे पोरगं कोणाच्या अंगाला अंग लागू देत नसे ते दुपारी तिच्या पोटावर डोकं टेकून निजलेलं असायचं. इश्वरभाऊंना हे पसंत नव्हतं. 'बाई, ही पोरायची शाळा हाय का कुत्र्यायची? लोक हासतेत,' असं ते महिन्यातून एकदा म्हणत. घनश्यामलाही पसंत नव्हतं. त्याला कुत्र्यांची किळस होती, आणि त्याहून मोठी चीड ह्याची, की ज्या पोट्टीपुढं आपण तीन वर्षं माकडाच्या उड्या मारल्या, ती आपल्याकडं ढुंकून पाहत नाही आणि एका रस्त्यावरच्या कुत्रीचं ऐकते.

कारण वेणी. कौशल्या, त्याची बायको, होती तोवर तुळसाच्या डोक्याला तेल, फणी, वेणी, सगळं व्हायचं. कौशल्या कसलंतरी गुणगुणत मागं बसायची आणि पोट्टी दगडासारखी गप. कौशल्या काविळीनं गेली आणि त्या डोक्याचं दारच बंद झालं. फणी दिसली की किंचाळायची, चावायची, भिंतीवर कपाळ आपटायची. केसांच्या जटा झाल्या, उवा झाल्या. एकदा ती झोपेत असताना घनश्यामनं कात्रीनं सगळं कापलं, आणि उठल्यावर तिनं ते केस गोळा करून दोन दिवस झग्याच्या ओच्यात धरून ठेवले. त्यानंतर त्यानं तिला मागच्या खोलीत ठेवायला सुरुवात केली. कोंडायला, खरं म्हणजे. दुकान कोण पाहणार? बाईनं काय केलं, तुळसाचा हात भुरीच्या मानेच्या केसांत रुतवला आणि फणी आधी भुरीवरून फिरवली. मग तुळसावरून. एक भुरीला, एक तुळसाला. घनश्याम दारातून ओरडला होता, 'बाई, माया पोट्टीच्या डोक्यात कुत्रीची फणी?' बाई मागं न पाहता म्हणाली, 'भाऊ, तुमी तोंड बंद ठेवाल तं मंगळवारपर्यंत वेणी होते.' मंगळवारी नाही झाली, तीन महिने लागले. पण झाली. लाल रिबिनीची, जराशी वाकडी. त्या दिवशी दुकानात त्यानं दोन गिऱ्हाइकांच्या भांड्यांवर चुकीची नावं टाकली. एवढं सगळं जमलं, फक्त चमचा जमला नाही. चमच्यानं ह्या वाटीतलं पाणी त्या वाटीत न्यायचं, आठ महिने बाई तेच करवून घेत होती, आणि तुळसा आठ महिने ते सगळं पाणी सतरंजीला पाजत होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं पोटरी धुऊन पट्टी बांधली आणि नेहमीचा कायदा सांगितला. कुत्रं दहा दिवस बांधून ठेवा, नजरेसमोर ठेवा. दहा दिवस जगलं तर काही नाही. मेलं, नाहीतर पळालं, तर चौदा सुया, बेंबीच्या भोवती, रोज एक. चौदा आकडा ऐकूनच इश्वरभाऊंचा चेहरा उकडलेल्या कोहळ्यासारखा झाला. त्याच संध्याकाळी कमिटी बसली. भाऊ पाय स्टुलावर ठेवून म्हणाले, 'कुत्री दहा दिवस काढते तं पाहू. अन् मेली, नाहीतं आनखी कोनाले चावली, तं बाई, शाळेत कुत्रं बंद. कायमचं. ज्यायले कुत्र्याबिगर जमत नाही त्यायनं आपली पोरं घरी बसवावी.' हे म्हणताना ते घनश्यामकडं पाहत होते. दहा दिवस कुत्री ठेवायची कुठं? बाई भाड्याच्या खोलीत, तिची घरमालकीण मांजरसुद्धा उंबऱ्यात येऊ देत नाही. मग गोमाजी पानवाला, पान चघळत, अगदी सहज म्हणाला, 'घनश्यामभाऊच्या घरी ठेवा ना. तुळसा असल्यावर ते कोठी जाते?' घनश्यामनं त्याच्याकडं असं पाहिलं की पितळ वितळावं. पण तुळसा भुरीची दोरी मनगटाला तीन वेढे देऊन बसलेली होती. सोडवणार कोण?

झालं. पितळेचं दुकान पुढं, घर मागं, आणि एप्रिलचं ऊन वर. लग्नसराईचे दिवस, आंदणाच्या भांड्यांवर नावं टाकायला रांग लागलेली. भुरी पहिल्याच दिवशी दुकानात आली आणि एका नवऱ्या मुलीच्या हंड्यात तोंड घालून पाणी प्याली, मुलीच्या आत्यासमोर. दुसऱ्या दिवशी ती हातोडीच्या ठोक्यांना उत्तर द्यायला शिकली: घनश्याम टकटक करी, ती आतून भुंके. 'कै.' टाकतानाही भुंके, 'चि. सौ. कां.' टाकतानाही भुंके, भेदभाव नाही. गिऱ्हाईक विचारी, 'भाऊ, कुत्रं कायले पाळलं?' आणि ह्यानं काय सांगावं, की कुत्रं नाही, इश्वरभाऊची पोटरी पाळली? तिला भाकर द्यायची, पाणी द्यायचं, सावली द्यायची. उष्मा लागून मेली तरी भाऊंच्या पोटात सुया आणि आपल्या पोट्टीच्या डोक्यात पुन्हा उवा. पन्नाशीला आलेला माणूस गोणपाट ओलं करून कुत्रीवर टाकत होता, आणि कुत्री त्याच्याकडं अशी पाहत होती, की जरा डावीकडं टाक.

आणि ह्याच्यावर मंगरू. मंगरू हा इश्वरभाऊंचा हमाल, चाळिशीचा, धिप्पाड, तांदळाची दोन पोती पाठीवर घेणारा, पण कुत्र्याला भिणारा. भाऊंनी त्याला सकाळ-संध्याकाळ धाडायला सुरुवात केली. तो दाराच्या चार हात मागं उभा राही. 'भाऊ, हाय का?'

'हाय.'

'जेवली का?'

'जेवली. तू जेवला का?'

'लाळ तं नाही ना गळून राह्यली?'

'माही गळून राह्यली. भाऊले सांग.'

पहिले दोन दिवस गंमत वाटली. मग सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पाचव्या दिवशी भाऊ स्वतः रिक्षा करून आले, खाली उतरले नाहीत, रिक्षातूनच भुरीची जीभ पाहून गेले. सहाव्या दिवशी मंगरू म्हणाला, 'भाऊनं पुसलं, कुत्री हासली का आज?' घनश्याम चाट. 'हासली म्हंजे?' 'म्हंजे खुश हाय का, असं.' घनश्यामच्या हातातली छिन्नी घसरली आणि एका वराच्या नावाला नसलेला अनुस्वार मिळाला.

आता हा घनश्याम म्हणजे काही साधा गडी नव्हे. त्याच्या थापांवर भंडारा पोसला होता. त्यानं एका नव्या बँक मॅनेजरला वरठी स्टेशनावर सांगितलं होतं, की गाव हे काय, त्या चिंचेच्या मागं. आणि स्वतः सायकलवर पुढं येऊन, चिंचा मोजत पायी आलेल्या मॅनेजरला चौकात हार घातला होता. एका चिक्कू मामानं भाचीच्या लग्नात काही दिलं नाही, तर ह्यानं आंदणाच्या सतरा भांड्यांवर 'मामाकडून सप्रेम भेट' टाकून दिलं, आणि मांडवात एवढी वाहवा झाली की मामाला सतराही भांड्यांचे पैसे मोजावे लागले. थाप मारताना त्याला हाताखाली पितळ येतंय असं वाटे: जरा ठोकलं की वाकतं, जरा घासलं की चमकतं. कौशल्या म्हणायची, 'तुमी मेले तं लोक तेरवीलेही येनार नाही. म्हनतीन, घनश्याम हाय, उठून बसते.' आणि ती गेली, तर त्याच्याजवळ पोट्टीला सांगायला दुसरं काय होतं? थापच. ती सगळ्यांत सोपी, कारण ऐकणारीला कळणारच नव्हतं. 'माय दिघोरीले गेली,' तो म्हणाला. दिघोरी कौशल्याचं माहेर. 'दिघोरीले गेली. येते.'

पोट्टीला काय कळलं कोण जाणे. कौशल्या गेली त्या सकाळी ती मधल्या खोलीच्या कोपऱ्यात वाटीत वाटी घालत बसली होती. घनश्यामची थोरली बहीण देवकाबाई सगळं करत होती, बाया रडत होत्या, दारात माणसं जमली होती. तुळसानं मान वर केली नाही. वाटीत वाटी. देवकाबाई म्हणाली, 'बरं हाय बापा, तिले समजत नाही. देवानं तेवढी तरी सोय केली.' पण त्या दिवसापासून एक नवंच सुरू झालं. रोज दिवेलागणीला तुळसा कौशल्याच्या चपला आणी, एका चपलेचा अंगठा घनश्यामनंच पितळी तारेनं जोडलेला, आणि त्या घनश्यामच्या पुढं मांडी. जोडीनं, नीट, टाचेला टाच. आणि उभी राही. तो म्हणे, 'दिघोरीले गेली. येते.' ती आणखी जराशी उभी राही, मग चपला उचलून जागेवर ठेवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन वर्षं. कधी तो हिशेबात असे, कधी तापात, कधी पाहुण्यात, चपला येतच. एकदा वैतागून त्यानं त्या माळ्यावर फेकल्या, तर पोट्टी दोन दिवस अशी किंचाळली की शेजारच्या गिरजाबाईनं पोलिसांत जाते म्हटलं. काढल्या खाली. काय पाहिजे होतं तिला? माय पाहिजे, दुसरं काय, असं तो मनाशी म्हणे. डोक्यात एकच खिळा ठोकलेला, तोच वाजतो. भुरी घरी आल्यावरही चुकलं नाही. दिवेलागणीला चपला, आणि चपलांच्या मागं आता भुरीही येऊन उभी, दोघी मिळून त्याच्याकडं पाहणार. एक पाहणारी होती तेच काय कमी होतं?

सातव्या दिवशी सकाळी मंगरू आठच्या आधी आला. घनश्यामच्या तोंडात अजून दंतमंजन होतं. 'भाऊ, हाय का?' आणि घनश्यामच्या आत काहीतरी, गेले सहा दिवस आवळून ठेवलेलं, एकदम सुटलं. बरं वाटलं त्याला. किती दिवसांनी. 'थांब,' तो म्हणाला, 'दहा वाजता ये. भाऊसाठी एक वस्तू देतो.' रिकाम्या दुकानात बसून त्यानं एक लहानशी पितळी वाटी घेतली आणि काठावर सुरेख अक्षरात नाव टाकलं: 'कै. भुरीबाई यांचे स्मरणार्थ. इश्वरभाऊंच्या पोटरीस सप्रेम भेट.' टकटक, टकटक. आतून भुंकणं आलं नाही. रात्री उकाड्यानं कोणी झोपलं नव्हतं, भुरी ओल्या गोणपाटावर लवंडली होती, पंख्याखाली, चारी पाय ताणून. त्यानं कपाटातून कौशल्याच्या वेळचं उरलेलं पांढरं कापड काढलं, हो, तेच, दुसरं घरात होतं कुठं, आणि भुरीवर पांघरलं. कान हलला, बस. तुळसा कोपऱ्यात वाटीत वाटी घालत होती. मंगरू आला, दारातूनच त्यानं ते पांढरं पाहिलं आणि त्याचे डोळे पांढरे झाले.

'गेली?'

'मेली,' घनश्याम म्हणाला, खालमानेनं, आवाज फाडून. 'सकाळीच मेली भुरी. सांग भाऊले. अन् ही वाटी दे हातात. आधी वाटी दे, मंग सांग.'

खरी गोम ती होती: आधी वाटी. वाटी वाचली की भाऊ ओळखणार, शिव्या देणार, हसणार, आणि पुन्हा मंगरूला धाडणार नाहीत. पण मंगरूला वाचता येत नव्हतं, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात वाटी राहत नाही. त्यानं ती बंडीच्या खिशात घातली आणि पळाला.

मग आंबागडचं एक वऱ्हाड दुकानात शिरलं, बावीस भांडी, बावीस नावं, नवरीच्या बापाचं एक आणि काकाचं एक म्हणून भांडण. घनश्याम ठोकत राहिला. अधूनमधून त्याला आठवे आणि हसू येई: आता भाऊनं वाटी पाहिली असंल, आता कपाळाला हात लावला असंल. साडेबारा वाजता वऱ्हाड गेलं आणि दुकानात जी शांतता पसरली तिच्यात त्याला काहीतरी कमी वाटलं. वाट्यांचा आवाज. तुळसा जागी असली की तो आवाज असतोच, घड्याळासारखा. किती वेळ झाला तो नव्हता? तो उठणार तेवढ्यात समोर रिक्षा थांबली. इश्वरभाऊ उतरले. एक हात पोटावर, एका हातात वाटी.

'घनश्याम्या! सुई घेतली ना बे मी! सुई!' भाऊंचा आवाज रडका झाला होता. 'अकरा वाजता घेतली. अन् साडेअकरा वाजता हा भैताड खिशातून वाटी काढते, का भाऊ, हे तुमच्यासाठी धाडलं होतं! एवढी मोठी सुई! इथी! अन् सप्रेम भेट?'

'भाऊ, मी त्याले म्हनलं होतं, आधी वाटी...'

'मस्करी? मानसाच्या पोटासंगं मस्करी? कोठी हाय तुयी ते कुत्री? आज तं मी तिले खरोखरची कैलासवासी करतो, अन् तुया पोट्टीचं नाव रजिस्टरातून काढतो! बस घरी!'

भाऊ लंगडत, पोट धरत, त्याला बाजूला सारून आत घुसले आणि मधल्या खोलीच्या दारात थांबले. असे थांबले, की मागून येणारा घनश्याम त्यांच्या पाठीवर आदळला.

गोणपाट पंख्याखाली नव्हतं. भुरीसकट ओढत ओढत मधल्या खोलीच्या मध्यावर आणलेलं होतं, देवळीच्या खाली. पांढरं कापड गळ्यापर्यंत खाली घेऊन दोन्ही बाजूंनी खोचलेलं. मागचे दोन पाय सुतानं एकत्र बांधलेले, आणि गाठ पक्की. कपाळावर हळद, तिच्यावर कुंकू. डोक्याशी पणती, न पेटवलेली, पण वात घातलेली. आणि तुळसा मांडी घालून बसलेली, डाव्या हातात वाटी, उजव्या हातात चमचा. भुरीच्या ओठावर अंगणातल्या वृंदावनातलं एक पान होतं. तुळसानं चमचा भरला, भुरीच्या तोंडाशी नेला आणि पाणी सोडलं. हळू. एक थेंबही इकडं तिकडं गेला नाही. पुन्हा भरला. पुन्हा नेला. भुरी डोळे अर्धे मिटून पडल्या पडल्या चाटत होती. तुळसाचा गुडघा तिच्या पाठीला लागलेला असला की ती कशालाही तयार असे.



'घनश्याम,' इश्वरभाऊ म्हणाले, एकदम हळू, 'हे तं... कौसल्यावहिनीले केलं होतं तसंच करून राह्यली बे. ह्याच जागी. मी होतो ना त्या दिशी दारात.'

देवकाबाईनं आधी काय केलं, मग काय केलं, घनश्यामला स्वतःला आठवत नव्हतं. त्या सकाळचं त्याच्याजवळ एक कापराच्या वासाशिवाय काही उरलं नव्हतं. आणि ही, मान वर न केलेली, वाटीत वाटी घालणारी. सूत कुठं ठेवलेलं असतं, कुंकू आधी की हळद आधी, पान आधी की पाणी आधी, सगळं. एकही पायरी चुकली नव्हती. तीन वर्षं हे सगळं तिच्यात घडी घालून ठेवलेलं होतं आणि तो रोज संध्याकाळी तिला सांगत होता, दिघोरीले गेली.

भुरीची तहान भागली. तिनं मान उचलली, अंग झाडलं, पान उडालं, पणती कलंडली, आणि ती उठायला गेली तशी बांधलेल्या पायांवर धप्पकन बसली. इश्वरभाऊ दोन पावलं मागं. तुळसानं भुरीकडं पाहिलं, मग कापडाकडं, मग बापाकडं. सरळ डोळ्यात. अशी ती कोणाच्या डोळ्यात पाहत नसे, आणि त्या पाहण्यात माया वगैरे काही नव्हतं. वैताग होता. शुद्ध, ओळखीचा, घनश्यामला वाटलं आपण आरशात पाहतोय.

इश्वरभाऊंनी वाटी उंबऱ्यावर ठेवली. पोट चोळलं. 'तीन दिवस राह्यले,' ते म्हणाले. 'तेरा सुया बाकी हायत, ध्यानात ठेव. तीन दिवसानं जित्ती असली तं घेऊन येऊ दे तिले शाळेत.' मग रिक्षात चढता चढता ओरडले, पुन्हा मूळच्या आवाजात, 'तू नको येऊस पन! तू दिसला तं मीच चावतो!'

घनश्याम आत आला. खाली बसून त्यानं भुरीच्या पायांचं सूत सोडवलं. गाठ एवढी पक्की की दातानं सोडवावी लागली. तोंडात कुत्रीचे केस गेले. थुंकायचं राहून गेलं, कारण समोर चपला होत्या. दुपारचा एक वाजला होता, ही वेळ चपलांची नव्हती, पण तुळसानं आणल्या होत्या. जोडीनं. टाचेला टाच. आणि उभी.

'दिघो...' त्याच्या तोंडातून सवयीनं निघालं आणि तिथंच अडकलं. पितळी तारेचा अंगठा त्याच्याकडं पाहत होता. त्यानं स्वतः जोडला होता, कौशल्या म्हणाली होती, दिघोरीला जायचं तर चप्पल नीट पाहिजे. दिघोरीला जाणारी बाई अनवाणी कशी गेली? हे विचारत होती पोट्टी. बोलता येत नाही म्हणून आणून दाखवत होती. तीन वर्षं, दर दिवेलागणीला, ती त्याची थाप त्याच्यासमोर नीट मांडून ठेवत होती, आणि हा भंडाऱ्याचा हुशार माणूस तिला म्हणत होता, येते.

'मेली,' तो म्हणाला. थाप मारताना आवाज कसा सरसर निघे, हा दगडावरून ओढल्यासारखा निघाला. 'तुळसा, तुयी माय मेली. दिघोरीले नाही गेली. मेली.'

तुळसा जराशी उभी राहिली, रोज राही तेवढीच. मग कोपऱ्यात गेली, बसली आणि तिनं पहिली वाटी उचलली. वाटीत वाटी. चपला तिथंच राहिल्या. भुरीनं, कपाळभर कुंकू घेऊन, त्यांचा वास घेतला, पितळी तारेची ती सोडली, दुसरी तोंडात धरली आणि खाटेखाली नेऊन चावायला लागली. कालचा दिवस असता तर घनश्यामनं तांब्या फेकून मारला असता. त्यानं तुळसाकडं पाहिलं, आता किंचाळेल म्हणून. ती चावण्याचा आवाज ऐकत होती आणि वाट्या त्याच ठेक्यावर घालत होती.

संध्याकाळी त्यानं दुकान लवकर बंद केलं. दिवा लावला आणि आपल्या जागेवर येऊन बसला. बसला म्हणजे काय, वाटच पाहत होता; नजर सारखी दाराकडं. तुळसा उठली नाही. भुरीच्या पोटाला पाठ लावून बसली होती, भुरी जीभ काढून धापत होती. आणखी वेळ गेला. त्याला राग यायला लागला. तीन वर्षं डोकं उठवलं, आणि आज काहून नाही? आज काय झालं? 'काहून वं,' तो म्हणाला, 'आज नाही आनत?' तुळसानं मानसुद्धा वळवली नाही. संपलं होतं तिचं.

मग तोच उठला. पितळी तारेची चप्पल दुपारपासून खोलीच्या मधोमध एकटीच पडली होती. ती त्यानं उचलली, अंगठ्याची तार बोटानं चाचपून पाहिली, पिळली, आणि दातात लागू नये म्हणून काढून खिशात घातली. मग गुडघे मोडून खाली बसला आणि चप्पल भुरीच्या पुढ्यात सरकवली.

'घे,' तो म्हणाला. 'एक कायले ठेवतं? जोडीनं खाय.'